व्याहीबुवांची मोजणी

पुण्यात कॉफीचा एकही मळा नसताना कॉफीच्या किडीवर उभा जन्म घालवलेला, त्या किडीबद्दल कुणी न विचारता तासभर बोलणारा आणि वर स्वतः कॉफीचा थेंबही तोंडात न घेणारा माणूस अख्ख्या शहरात एकच असणार, आणि तो नेमका आमच्या केतकीचा सासरा म्हणून आमच्या वाट्याला आला. याला योगायोग म्हणावं की पूर्वसंचित, हे लग्नाला सात वर्षं झाली तरी माझं ठरलेलं नाही. आमचे व्याही कर्नाटकातल्या डोंगरात एका कॉफी संशोधन केंद्रात तीस-बत्तीस वर्षं नोकरीला होते. कॉफीवर कोणते किडे पडतात, ते काय खातात, त्यांना मारायला जावं तर त्यांच्यासोबत आणखी कोण कोण मरतं, हे मोजायचं त्यांचं काम. त्यांच्या पत्नी मुलांच्या लग्नाच्या कितीतरी आधी गेल्या, आणि निवृत्तीनंतर ते वारज्याला मुलाकडे राहायला आले. आम्ही कर्वेनगरात. मधलं अंतर बसनं वीस मिनिटांचं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी दारात हजर. कॉफी का घेत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर मलाच उलटा प्रश्न केला, "विहीणबाई, हलवायाला कधी पेढे खाताना बघितलंय का?" आणि दोन चमचे साखरेचा चहा मागून घेतला.

पहिली भेटच अशी झाली की लग्न मोडतंय म्हणून मी देव पाण्यात घालायला निघाले होते. मुलांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, तरी रीत म्हणून मुलाकडची मंडळी आमच्याकडे यायची होती. मी सकाळपासून घर लख्ख केलं, पडदे बदलले, जायफळ घातलेल्या कॉफीची तयारी केली. ती कॉफी वाया गेली ते सोडा. हे गृहस्थ हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात शिरले आणि खिडकीत उन्हाला ठेवलेलं तांदळाचं ताट त्यांनी बघितलं. मी घाईत ते झाकायची विसरले होते. मग बाहेर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "वा! तुमच्याकडे पोरकिडे आहेत!" आता मुलीच्या आईनं काय करावं सांगा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. जावईबापू खाली मान घालून बसले, केतकी माझ्याकडे बघेना, आणि व्याही मात्र औषधाची रिकामी बाटली आहे का विचारत होते. चार किडे बाटलीत घालून ते घरी घेऊन गेले. जिन्यात मुलाला काय म्हणाले ते मला केतकीनं नंतर सांगितलं. म्हणाले, "घर चांगलं आहे. धान्याला पावडर लावत नाहीत." स्थळ पसंत पडायचं कारण असं असू शकतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नातही तेच. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलाच्या वडिलांचा पत्ता नाही. अंतरपाट धरलेला, भटजी माझ्याकडे बघताहेत, मी आमच्या यांच्याकडे. शोधाशोध केली तर व्याही सिल्कच्या झब्ब्यात कार्यालयाच्या मागच्या अंगणात उकिडवे बसलेले. संध्याकाळचा मुहूर्त, तिथे मोठा दिवा लावलेला, दिव्याखाली पाखरांचा खच पडलेला, आणि हे चहाच्या गाळण्यानं ती पाखरं उचलून कागदावर जातवार मांडत होते. एका दिव्यानं एका संध्याकाळी किती जीव गेले ते त्यांना मोजायचं होतं. लग्नाच्या चित्रीकरणात हा भाग आहे. केतकी सासरी चिडली की तेवढाच लावून बघते आणि मग तिचा राग जातो म्हणे.

'परिणाम' हा त्यांचा लाडका शब्द. आपण साधं मोरीत फिनेल ओतावं, तर मागून आवाज येतो, "ह्याचा परिणाम काय?" मी सांगते, परिणाम म्हणजे वास जाईल. ते म्हणतात, त्याच्या पुढे काय? त्याच्या पुढे काय हा प्रश्न मी साठ वर्षांत फिनेलच्या बाबतीत स्वतःला विचारला नव्हता. आमच्या ओट्यावर मुंग्या आल्या तेव्हा मी खडूची रेघ मारायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला नाही एवढंच. मुंग्यांना चालू द्या, पिठाचा डबा हलवा, म्हणाले. मी डबा हलवला. तीन दिवसांत मुंग्या गेल्या, आणि त्या गेल्या म्हणून व्याही हळहळले. कॉफीचं फळ पोखरणारा जो भुंगेरा असतो, मोहरीहून बारीक, काळा, त्याच्यातली मादी तेवढी उडते, भोक पाडते, संसार थाटते, आणि नर जन्मभर त्या फळाबाहेर पडत नाही, असं त्यांनी एकदा जेवताना सांगितलं. सांगताना ते आमच्या यांच्याकडे बघत होते. आमचे हे पेपरात डोकं घालून बसलेले, त्यांच्या कानापर्यंत काही पोचलं नाही.

आमच्या सोसायटीत डासांसाठी धुराची फवारणी ठरली, त्या दिवशी तर त्यांनी कमाल केली. आदल्या संध्याकाळी येऊन माझ्याकडे पांढरी चादर मागितली. मला वाटलं राहताहेत. मी केतकीच्या आहेरातली नवी कोरी डबलबेडची चादर काढून दिली. ती त्यांनी सकाळी खाली बहाव्याच्या झाडाखाली अंथरली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या, फवारणीवाल्यांना जाऊ दिलं, आणि मग दिवसभर भिंग घेऊन चादरीवर काय काय पडलं ते वेचत बसले. दुसऱ्या दिवशी फलकावर कागद. डास तीन. त्याखाली मधमाश्या, कोळी, ढालकिडे, चतुर, फुलपाखरांच्या अळ्या, अशी बारीक अक्षरात ही लांबलचक यादी. आमचे अध्यक्ष कागद वाचून म्हणाले, "आम्ही फवारलं डासांसाठी. बाकीच्यांनी मध्ये यायला नको होतं." व्याहींना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'अध्यक्षांचं म्हणणं', आणि पुढे ते वाक्य जसंच्या तसं. चादरीवरचे डाग मात्र गेले नाहीत ते नाहीतच.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मी नेलंही. पण या माणसाला एक जुनी टोचणी होती. ती त्यांनी मला एका दुपारी आमच्या गॅलरीत सांगितली, कॉफीची फळं मोजता मोजता. फळं पुण्यात कुठली, तर दर वर्षी दिवाळीनंतर, तिकडची तोडणी सुरू झाली की डोंगरातल्या एका मळ्यातून दोन कापडी पिशव्या पार्सलनं येतात. मळ्याच्या मालकीण आहेत, त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. फळं उकळत्या पाण्यातून काढून, सुकवून पाठवतात, म्हणजे आतला किडा प्रवासात बाहेर पडू नये. पडला तर काय होईल म्हणून मी घाबरून विचारलं होतं. व्याही म्हणाले, पुण्यात खायला काय मिळणार त्याला, उपाशी मरेल बिचारा. तर या पिशव्या पूर्वी ते वारज्यालाच घरी मोजायचे. तीन वर्षांपूर्वी एकदम आमच्या गॅलरीत यायला लागले. म्हणे वारज्याला उजेड कमी पडतो. मी म्हटलं, या की, आमच्याकडचा उजेड काय आम्ही बांधून ठेवलाय? वारज्यातला उजेड एकाएकी कसा कमी झाला, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

तर ती गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी अक्कांचे यजमान वारले आणि मळा त्यांच्या अंगावर पडला. पहिल्याच वर्षी फळांत भुंगेऱ्यानं धुमाकूळ घातला. कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. व्याही केंद्रातर्फे गेले, फळं मोजली, आणि सांगून मोकळे झाले की सावली दाट आहे, ओल राहते, किड्याला तेच हवं असतं, तेव्हा अर्धी झाडं काढा. अक्कांच्या सासऱ्यांनी लावलेले फणस होते, उंबर होते. अक्कांनी मळ्याच्या एका बाजूची झाडं तोडली. दोन वर्षं फळं स्वच्छ निघाली. व्याहींनी अहवाल लिहिला, त्याचं कौतुक झालं. तिसऱ्या वर्षी उघड्या पडलेल्या खोडांवर ऊन आलं, आणि कॉफीत खोड पोखरणारा जो दुसरा किडा असतो त्याला ऊनच हवं असतं. त्या बाजूची कॉफी पिवळी पडली. मुळासकट उपटून जाळावी लागली. उताराखालचा झरा आटला, मधमाश्या गेल्या. "मी फळाकडे बघत होतो, विहीणबाई," ते म्हणाले. "खोडाकडे बघितलंच नाही." अक्का एक अक्षर बोलल्या नाहीत, उलट व्याही ते बघायला गेले त्या दिवशी त्यांना जेवू घालून पाठवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं व्याहींना अजून वाटतं.

अक्कांनी तिथे पुन्हा झाडं लावली. तेव्हापासून व्याही दर वर्षी जाऊन मोजायचे, आणि नुसती फळं नव्हे, मुंग्या, कोळी, पक्षी, पानांचा थर, झऱ्याचं पाणी, सगळं. गुडघे गेल्यावर जाणं थांबलं तेव्हा पिशव्या यायला लागल्या. लाल दोऱ्याची पिशवी जुन्या झाडांच्या बाजूची, पांढऱ्या दोऱ्याची नव्या झाडांखालची. प्रत्येकीतून शंभर-शंभराचे पाच ढीग घ्यायचे, एकेक फळ भिंगाखाली धरून टोकाला टाचणीएवढं भोक आहे का बघायचं, चांगलं डावीकडे, भोकाचं उजवीकडे, आणि वहीत रेघा. आकडा अक्कांना फोनवर कळवायचा. त्या आकड्यावर अक्का एक गोष्ट ठरवतात. तोडणी झाल्यावर झाडावर चुकून राहिलेली आणि जमिनीवर पडलेली फळं बायका लावून पुन्हा एकदा वेचायची की नाही. भुंगेरा त्या राहिलेल्या फळांत लपून पुढच्या हंगामाची वाट बघतो. वेचलं तर तो हटतो, न झाडं तोडता, न औषध मारता. हे वेचणं मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं व्याही नेहमी म्हणायचे. पण ते बायकांचं वाकून करायचं काम, त्याचा कुणी अहवाल लिहीत नाही.

मागच्या हंगामात अक्कांचा फोन आला की वेचायला बायका मिळत नाहीत, सगळे शहराकडे गेले, आकडा कमी असेल तर या वर्षी वेचणं सोडून देते. व्याही दोन दुपारी आमच्या गॅलरीत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी उठले ते चेहरा असा फुललेला की मी त्यांना आजोबा झाले तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. हजार फळांत भोकाची फक्त चार. झाडांनी करून दाखवलं, म्हणाले. मुंग्या परत आल्या, कोळी परत आले, त्यांनीच किडा खाल्ला. खाली जाऊन बाकरवडी आणतो, मग अक्कांना फोन करतो, म्हणाले आणि जिना उतरले.

मी टेबल आवरायला गेले. 'चांगली' म्हणून ठेवलेली फळं पिशवीत भरायची म्हणून ताटात ओढली, आणि सवयीनं बोटं चालायला लागली. चाळीस वर्षं तांदूळ निवडलेल्या बाईच्या हातात ताट आलं की ती नुसती बघत नाही बसत. पहिलंच फळ फिरवलं तर टोकाला भोक. दुसरं चांगलं, तिसरं चांगलं, चौथ्याला भोक. चष्मा नीट लावला. खिडकीत गेले. शंभर मोजून घेतली. शंभरात एकोणीस निघाली. दुसऱ्या पिशवीतली शंभर घेतली, त्यात सोळा. मग आमच्या यांना सांगितलं.

आमचे हे पेपरातून म्हणाले, "तू गप्प बस. आपण मुलीकडचे." हे वाक्य मी लग्नात, डोहाळजेवणात, बारशात ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी गप्प बसलेय. पुढे म्हणाले, माणूस सत्तरीला आनंदात आहे, दोन पिशव्या फळांनी काय होतंय? मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. तो फुललेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पण तिकडे ती बाई फोनची वाट बघत बसली होती. एकदा या माणसाच्या आकड्यावर विश्वास ठेवून तिनं सासऱ्यांची झाडं तोडली होती. आता याच माणसाच्या आकड्यावर ती वेचणं सोडणार, आणि पुढच्या वर्षी फळं पोखरून निघाली की आधी ती मळा बघणार आणि मग व्याही वही बघणार. दुसऱ्यांदा हे त्यांना झेपलं नसतं, एवढं मला किड्यांतलं काही कळत नसताना कळत होतं.

व्याही बाकरवडी घेऊन आले आणि खुर्चीत बसून फोन हातात घेतला. मी ताट समोर ठेवलं.

"व्याहीबुवा, फोन करू नका. आधी हे बघा."

त्यांनी फळ उचललं, भिंग लावलं, मग मान थोडी वाकडी करून कडेनं बघितलं. ही मान वाकडी करणं मी वर्षभर बघत होते आणि मला वाटायचं विचार करताहेत.

"काय आहे?"

"भोक आहे टोकाला."

"नाही."

"आहे. शंभरात एकोणीस आहेत. दुसरीत सोळा."

ते अंगठ्याच्या नखानं फळाचं टोक चाचपत राहिले, पुन्हा पुन्हा.  कशाला तोंड उघडलं मी, असं मला वाटून गेलं. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे ते दीड वर्षापूर्वी एकटेच जाऊन आले होते. नजरेचा मधला भाग जातोय. कडेचं सगळं दिसतं, आभाळ, झाड, दारात उभं राहिलेलं माणूस. ज्याच्याकडे सरळ बघावं, तेवढंच पुसलं जातं. मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. मला वाटलं भिंग मोठं घेतलं की भागेल, म्हणाले. आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला भोक दिसायला नकोच होतं. म्हणून दिसलं नाही."

"तसं काही नाही हो," मी म्हटलं.

"तसंच आहे."

मग त्यांनी वही जवळ ओढली आणि माझ्याकडे पट्टी मागितली. त्यांच्या कामाचा एक नियम आहे, चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, त्याच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं ते खाली वाचता येतं. त्यांनी त्या दिवशीच्या पानावर रेघ मारली. मग एक पान मागे गेले, त्याच्या आदल्या वर्षीच्या मोजणीवर. तेही आकडे चांगलेच होते. पट्टी जुळवताना त्यांचा हात सरकत होता, म्हणून मी पट्टी धरली आणि रेघ त्यांनी ओढली. त्याच्या मागच्या पानावर थांबले. हे पान खरं आहे, म्हणाले, तेव्हा मला दिसत होतं. आणि आपणच शंका घेतल्यासारखं विचारलं, "दिसत होतं ना?" मला काय ठाऊक? मी तसं सांगितलं. त्यांनी त्या पानावर रेघ नाही मारली, कोपऱ्यात एक प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळपर्यंत मी हजारच्या हजार फळं निवडली. दोन्ही पिशव्यांत आकडा वाईट होता, नव्या झाडांखाली थोडा कमी, जुन्यांखाली थोडा जास्त. मग त्यांनी अक्कांना फोन लावला आणि माझ्यासमोर स्पीकरवर ठेवला. कानडी मला येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर हुबळीच्या बाई राहतात, त्यांच्यामुळे चार शब्द कळतात. त्यातले दोन ऐकू आले, डोळा आणि चूक. ते दोन्ही त्यांनी अगदी स्पष्ट उच्चारले.  मग अक्का बोलायला लागल्या, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. शेवटी त्यांनी हिंदीत विचारलं, गिना किसने? व्याही म्हणाले, मेरी समधन ने. अक्का म्हणाल्या, तो अब से वही गिनेंगी.

त्यांनी काही वाईट अर्थानं नाही म्हटलं. बरोबरच होतं त्यांचं. बायकांची वाट बघत बसण्यापेक्षा त्या स्वतः, सुना, शेजारणी मिळून वेचायला उतरणार होत्या, तेही त्यांनी सांगितलं. पण फोन बंद झाल्यावर व्याहींनी भिंग पुसून डबीत ठेवलं, डबी वहीवर ठेवली, आणि वही माझ्या टेबलावरच राहू देऊन उठले. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाले. बाकरवडीचा पुडा तसाच बांधलेला राहिला. जिन्यात कठड्याला हात लावून एकेक पायरी उतरत होते, आणि मी दारात उभी राहून बघत होते. या माणसाकडे तेवढं एकच काम उरलं होतं आणि ते मी ताटातले खडे काढावेत तसं काढून घेतलं. रात्री मी जेवले नाही. आमच्या यांनी पेपर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "बरोबर केलंस." मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आठ दिवस ते आलेच नाहीत. केतकीकडून कळलं की घरी त्यांनी सगळं सांगितलं, मुलगा आधी चिडला, मग त्यांना घेऊन दवाखान्यात गेला. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायला औषध चालू आहे. त्यानंतर महिन्याभरानं वेचणी झाल्यावरची म्हणून अक्कांची आणखी एक पिशवी आली, थेट माझ्या नावानं. मी ती तशीच ठेवली. हात धजेना. पार्सल आल्याचं त्यांना कळवायचं की नाही, याचाच विचार करत होते, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात व्याही. मान वाकडी करून माझ्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही एकट्या मोजणार म्हणजे फार वेळ जाईल. मी एकेक फळ काढून देतो, तुम्ही फक्त बघा. काम लवकर होईल."

तेव्हापासून हे असंच चाललंय. या हंगामातल्या पिशव्याही आल्या. ते गॅलरीत माझ्यासमोर बसतात, पिशवीत हात घालून एक फळ काढतात, बोटांत फिरवून त्याचं टोक वर करतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. मी चांगलं म्हणते नाहीतर भोक म्हणते. भोक म्हटलं की ते थांबतात, जाड पेनानं वहीत मोठी रेघ ओढतात, पेनाला टोपण लावतात, आणि मग पुढचं फळ काढतात. मधूनच भोक अगदी मध्यभागी आहे का, कडा काळी पडलीय का, विचारतात, आणि मी सांगितलेलं ऐकताना त्यांचा चेहरा उजळतो. आकडा कमी असो, जास्त असो, मी आहे तोच सांगते. हजार फळांना तीन दुपारी लागतात. मी एकटीनं सुपात पसरून घेतली तर दीड-दोन तासांत हातावेगळी करीन. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.